मोजलेले बारा

अकरा म्हणजे नक्की अकराच का, असं तिनं फोनवर विचारलं, आणि विचारताक्षणीच तिला कळलं की हा प्रश्न आपण नुसता वेळ काढायला विचारलाय. पलीकडे थिएटरची सिस्टर होती. "मॅडम, मी तीनदा मोजल्या. डॉक्टरांनी स्वतः एकदा मोजल्या. बारा आर्टरी हव्यात, अकरा आहेत. पेशंट टेबलावर आहे, पोट अजून बंद केलेलं नाही. चौदा नंबरचा ट्रे कुणी भरला तेवढं सांगा." सिस्टर ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला निदान शांत व्हा म्हणता येतं. आर्टरी म्हणजे कात्रीसारखा दिसणारा, पण कापण्याऐवजी धरून ठेवणारा चिमटा. रक्तवाहिनी त्याच्या चोचीत धरायची आणि दांडे आवळायचे, की कट्, कट्, कट् अशा तीन खाचा पडून तो घट्ट बसतो. वीतभरही लांब नसतो. मुठीत मावतो. पोटातही मावतो.

"उघडताना मोजल्या नव्हत्या का?"

"पट्टीवर बारा छापलंय ना. तुमचंच पत्रक आहे मॅडम, पट्टी असेल तर उघडताना पुन्हा मोजायचं नाही म्हणून."

पत्रक तिचंच होतं. वर साहेबांची सही होती, खाली तिची, आणि मधला सगळा मजकूर तिनं मुलीला मांडीवर झोपवून, एका हातानं टाइप केलेला होता. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या या विभागात थिएटरमधली वापरलेली हत्यारं येतात, पलीकडच्या खोलीत धुतली जातात, भिंतीतल्या झरोक्यातून अलीकडे सरकतात, अलीकडे त्यांचे ट्रे भरायचे, हिरव्या कापडात बांधायचे आणि वाफेच्या यंत्रात घालायचे. ट्रे भरण्याची इथली जुनी रीत अशी की टेबलाशी दोघी उभ्या राहणार, एक नाव आणि आकडा उच्चारणार, दुसरी त्या हत्याराला बोट लावून "आहे" म्हणणार. आर्टरी एक, आहे. आर्टरी दोन, आहे. चार टेबलांवर चार जोड्या, म्हणजे सकाळी खोलीत पाऊल टाकावं तर पहिलीच्या वर्गात शिरल्यासारखं वाटायचं. मोजताना कुणी हाक मारली, शिंक आली, फोन वाजला, तर ट्रेचं झाकण टेबलावर उताणं ठेवायचं. उताणं झाकण म्हणजे मोजणी तुटलेली आहे, या ट्रेला कुणी हात लावू नका. परत आल्यावर जिथं सोडलं तिथून नाही, पुन्हा एकपासून. हे सगळं कुठं लिहिलेलं नव्हतं, विभागातल्या सगळ्यात जुन्या अक्कांनी घालून दिलेलं होतं. मग यंत्र आलं. ट्रे त्याच्या लाल डोळ्यापुढं धरायचा, आपलं कार्ड लावायचं, की वेळ आणि आकडा छापलेली पट्टी बाहेर, नाव त्याच्या पडद्यावर. ती रजेवरून परत आली, महिनाभरात आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि विभागाची किल्ली तिच्या हातात पडली. तिनं घड्याळ लावून पाहिलं. बोलून मोजण्यात प्रत्येक ट्रेमागं अकरा मिनिटं जात होती. ती तिनं वाचवली. साहेबांनी सगळ्या विभागप्रमुखांसमोर तिचं नाव घेतलं. खोली शांत झाली. त्या शांततेचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

आताही खोली शांतच होती. तिघी-चौघी माना खाली घालून काम करत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. तिनं पडद्यावर चौदा नंबर काढला. काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. आकडा बारा. कार्ड, अक्का. पडदा जे सांगत होता ते खरं नव्हतं आणि ते खरं नाही हे या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली दुसरी टेबलापलीकडून चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत होती. "मॅडम, ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला. ती ऐकत होती. अक्का टेबलाला वळसा घालून आल्या, हात कोरडे केले, तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "मी बोलतेय गं. चौदा मी भरला. बाराच होत्या."

फोन त्यांच्या कानाला होता, तरी पलीकडचं वाक्य खोलीत स्पष्ट ऐकू आलं. "डॉक्टर, अक्कांचा ट्रे आहे. म्हणजे बारा होत्याच." आणि फोन बंद झाला.

पहिल्यांदा तिला काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. हे तिला नंतर कितीतरी दिवस कुणालाच सांगता आलं नाही, नवऱ्यालाही नाही. खांदे आपोआप खाली आले, अंगातून एक ऊबदार, निर्लज्ज आनंद खाली उतरत गेला. घाम फुटून मुलीचा ताप उतरतो तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवताना वाटतो तसा. अक्का आपल्या जागेवर गेल्या, कात्र्या जुळवायला लागल्या. आणि मग ते वाक्य तिच्या आत हळूहळू उलगडत गेलं. अक्कांचा ट्रे आहे, म्हणजे बारा होत्याच. बारा होत्या आणि अकरा आहेत, म्हणजे एक आत आहे. सव्वीस वर्षांत ज्या बाईचा एकही ट्रे चुकला नाही तिच्या शब्दावर या घटकेला कुणाच्या तरी पोटात हात घालून शोध चालू झाला असणार, आतड्यांच्या घड्या एकेक करून बाजूला सारून. तिच्या नावावर ट्रे असता तर त्यांनी आधी ट्रेवर शंका घेतली असती. नाव अक्कांचं, म्हणून शंका पेशंटवर.

काल काय झालं ते आठवायला तिनं डोळे मिटले, आणि नेमका तो कार्यशाळेतला माणूस आठवला. बदलाच्या काळातलं सजग नेतृत्व, दोन दिवस, जेवण हॉस्पिटलतर्फे. सगळ्या प्रमुखांना गोल बसवून त्यानं डोळे मिटायला लावले होते आणि मऊ आवाजात म्हणाला होता, आपापला श्वास मोजा. तिला हसूच फुटणार होतं. गेले अकरा महिने ती दुसरं काय करत होती? मुलगी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजायचे, मिनिटाला किती, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. गॅसची बटणं दोनदा, दाराची कडी तीनदा, दुधाच्या बाटल्या निघताना आणि पोचल्यावर. नवरा म्हणायचा, मी जिना चढताना माझी पावलं मोजत जा, एखाद्या दिवशी एक कमी निघाली तर दुसराच कुणीतरी येतोय म्हणून दार उघडू नकोस. आणि तो माणूस म्हणाला होता, तुमच्यातला नेता झोपलेला आहे की जागा? शेजारच्या एक्स-रेवाल्या बाई कुजबुजल्या होत्या, जागाच आहे मेला, जरा झोपू द्या त्याला. दोघी खाली मान घालून हसल्या होत्या. घरात डोळ्यांत तेल घालून जगणारी बाई इथं येऊन मोजणं बंद करून टाकते आणि त्याला सुधारणा म्हणते, हे तेव्हा कुठं सुचलं होतं.

काल. पाच वाजत आले होते. धुण्याच्या बाजूची बाई आली नव्हती म्हणून अक्का पलीकडे गेल्या होत्या आणि चौदा नंबर अर्धा राहिला होता. ती म्हणाली होती, मी करते. मुद्दामच म्हणाली होती, सगळ्यांनी पाहावं म्हणून, प्रमुख असून टेबलाशी उभी राहते ही बाई. कात्र्या ठेवल्या, मोठे चिमटे ठेवले. मग आर्टरी. एक, दोन, तीन, मनातल्या मनात. सात आठवत होतं. सातव्या आर्टरीची चोच जरा वाकडी वाटली म्हणून ती उजेडाकडे धरली होती. तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला आणि पडद्यावर पाळणाघर असं नाव आलं. पाळणाघरातून पाच वाजता फोन कधी चांगल्यासाठी येत नाही. भरण्याच्या खोलीत फोन वाजतो पण बोलणं तुटतं, म्हणून ती बाहेर बोळात, खिडकीपाशी. एकशे दोन ताप आहे, पाळणाघराची ताई म्हणाली होती, आणि ती डोळे मिटून घेते आहे. डोळे मिटून घेते आहे म्हणजे काय, झोपली आहे की. आणि मग परत आत. परत आत आल्यावर काय? उरलेल्या आर्टरी एकदम ओंजळीनं उचलून ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आठवत होता. छणछण झाली होती. आकडा आठवत नव्हता. आठवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो आकडा तिनं उच्चारलाच नव्हता, मनातसुद्धा नाही. तिचं कार्ड पर्समध्ये, पर्स वर कपाटात. यंत्राशेजारच्या खिळ्याला अक्कांचं कार्ड लटकत होतं, कायम असतं तसं. अक्का ते यंत्र चालवत नाहीत. ज्या कुणाचे हात रिकामे असतील तिनं त्यांच्यासाठी त्यांचं कार्ड लावायचं, ही नवी रीत तिनंच पाडली होती, प्रेमानं, कुरकुर नको म्हणून. कार्ड लावलं. यंत्रानं बारा छापलं. यंत्र नेहमी बाराच छापतं, ट्रे रिकामा असला तरी.

घड्याळात अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तिनं थिएटरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिकडं आता फोन घ्यायला कुणाचे हात मोकळे असणार. ती उठली.

"कुठं निघालात?" अक्कांनी मान वर न करता विचारलं.

"वर."

"मी सांगितलंय त्यांना."

"तुम्ही का सांगितलंत, अक्का?"

अक्कांनी हातातली कात्री उघडली, मिटली, टोकं जुळतात का पाहिली. "बसा खाली. एक्स-रे काढतील, नसली आत तर शिवून टाकतील. होतं असं कधीकधी."

"तुमचं कुठं झालंय कधी."

"माझं झालं नाही म्हणून तर माझं चालून जाईल." बाकीच्या तिघी आता काम करण्याचं सोंगही करत नव्हत्या. अक्का तिच्याजवळ आल्या आणि खालच्या आवाजात बोलल्या, शब्द मोजून. "तुम्हाला वाटतंय मी तुमच्यासाठी म्हटलं. तसं नाही. कार्ड माझं आणि हात दुसऱ्याचे, हे वर कळलं की पुढचा प्रश्न काय येणार? अक्का स्वतः का लावत नाहीत कार्ड. तुमच्या खणात ती यादी आहे. बदलाशी जुळवून न घेणाऱ्यांची. घरी पाठवायला दोन नावं द्यायची आहेत शुक्रवारपर्यंत. माझं आहे ना त्यात?"

"पेन्सिलनं आहे."

"पेन्सिलनं म्हणजे आहेच की."

यादीतलं ते नाव लिहिताना तिला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं म्हणून आपण चांगल्या आहोत असंही वाटलं होतं. अक्का हट्टी आहेत, शिकायचंच नाही त्यांना, असं तिनं साहेबांना सांगितलं होतं. "शिकवत होते तेव्हा तुम्ही तोंड फिरवून बसायचात," ती म्हणाली, आणि आपण या वेळी हे का बोलतोय हे तिलाच कळेना.

"दिसत नाही हो मला त्या काचेवर," अक्का म्हणाल्या. "मुंगीएवढी अक्षरं. आर्टरीला बोट लावलं की कळतं मला. काचेला बोट लावून काय कळणार? चार महिन्यांत एकीनंही विचारलं नाही, दिसतंय का म्हणून. न शिकणारी म्हटलेलं परवडतं, आंधळी म्हटलं की त्या दिवशी घरी."

सबंध घरादारावर नजर ठेवणाऱ्या, मुलीच्या अंगावरचा तीळ काल होता त्याहून मोठा तर झाला नाही ना हे बघणाऱ्या आपल्या डोळ्यांना ही बाई चष्मा कपाळावर चढवून, हत्यार नाकाशी धरून काम करते हे चार महिने दिसत होतं आणि दिसलं नव्हतं. पण आता त्याला वेळ नव्हता. "अक्का, तुम्ही बारा म्हणालात म्हणून ते तिथं शोधतायत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर इतकं शोधलं नसतं." अक्कांचा हात कात्रीवरच थांबला. हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत गेलं, आणि ती पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं पाहत होती.

लिफ्टची वाट न पाहता ती जिन्यानं निघाली. दोन मजले. पायऱ्या मोजल्या नाहीत, मोजायच्या नाहीत हे मात्र दर पायरीला आठवत राहिलं. वरच्या बोळात बाकावर एक बाई बसली होती, पन्नाशीची, मांडीवर पिशवी, हातात चष्म्याचं टिनाचं घर. ते ती उघडत होती आणि मिटत होती. कट्. उघडायचं. कट्. तिला बघून ती अर्धवट उठली. "झालं का हो आईचं? दोन तासांत होईल म्हणाले होते. बहात्तर पूर्ण आहेत तिला, छातीचाही त्रास आहे." ती म्हणाली, "विचारून सांगते." खोटं नव्हतं ते. जमिनीवरच्या लाल रेघेपाशी ती थांबली, त्यापुढं तिला जायची परवानगी नव्हती. काचेची छोटी खिडकी तिनं ठोठावली. आतून सिस्टर आली, तोंडाला फडकं, फक्त डोळे.

"सिस्टर, चौदा नंबर अक्कांनी नाही भरला. मी भरला."

"चौदा मी भरला असं अक्का स्वतःच म्हणाल्या."

"कार्ड त्यांचं होतं. भरला मी."

डोळे तिच्यावर क्षणभर स्थिरावले आणि आत वळले. अर्धवट उघड्या दारातून ती बोललेली ऐकू आली, मग डॉक्टरांचा आवाज, दमलेला, तरीही सभ्य. "विचार त्यांना, बारा घातल्या होत्या की अकरा?" इथं एक सोपं उत्तर होतं. अकरा म्हटलं की संपलं. पोट बंद होईल, ती म्हातारी बाई भुलीतून लवकर उठेल, चष्मा डोळ्यांवर चढेल. अकराच असणार, नव्वद टक्के अकराच. ते उत्तर तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं आणि त्यात तिचा स्वतःचा काही लाभही नव्हता, म्हणून ते जास्तच पवित्र वाटत होतं. पण नव्वद टक्क्यांवर पोट शिवायचं म्हणजे पुन्हा तेच, न मोजता पट्टी छापायची. "माहीत नाही," ती मोठ्यानं म्हणाली, सिस्टर मध्ये नसल्यासारखी थेट दाराकडे. "सातपर्यंत मोजल्या. मग फोन आला. पुढं मोजलेलं नाही."

आतून यंत्राची टीक् टीक् तेवढी येत राहिली. मग डॉक्टर म्हणाले, "म्हणजे त्या बारावर विश्वास ठेवायचा नाही."

"नाही ठेवायचा."

"ठीक आहे. मग शोधणं बंद. हात बाहेर घ्या सगळ्यांनी. एक्स-रे येईपर्यंत थांबू." आणि थोड्या वेळानं, "मॅडम, हे दहा मिनिटं आधी कळलं असतं तर तेवढी धुंडाळणी वाचली असती." सिस्टरनं बाहेर येऊन हळूच सांगितलं की फिरतं एक्स-रे यंत्र मागच्या इमारतीत गेलंय, यायला अर्धा तास लागेल, आणि भूल फार लांबवणं बरं नाही. "तोवर खाली सापडली तर बघा," ती म्हणाली. म्हणाली म्हणजे उगाच, काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

ती वळली. खाली शोधायचं म्हणजे कुठं? धुण्याच्या टबात, जाळीत, झरोक्याच्या कडेला, हिरव्या कापडांच्या गठ्ठ्यात. सकाळपासून दोनदा सगळं झाडून पुसून झालं होतं. बाकावरची बाई तिच्याकडे बघत होती. हातातलं टिनाचं घर चालूच होतं. कट्. कट्. कट्. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचा पाय थांबला. एकशे दोन आहे, ताई म्हणत होती. कट्. डोळे मिटून घेते आहे. कट्. दूध प्यायली नाही दुपारपासून. कट्. काल मुलीला पाळणाघरातून उचलून घेतलं तेव्हा ती ओरडली होती, हात इतका गार का म्हणून नाही, तिला कुठं बोलता येतंय, पण अंग चोरून घेतलं होतं कपाळाला हात लागताच. उजवाच हात. तो अर्ध्या तासानं गार कसा राहील, पण तिला तो गारच आठवत होता. लोखंडाचा गारवा, मुठीच्या आत, अंगठा आणि अनामिका दोन कड्यांत अडकलेली. सातवी आर्टरी तिनं खाली ठेवलीच नव्हती. उजेडाकडे धरलेली होती आणि तशीच घेऊन ती बोळात गेली होती. डाव्या हातात फोन, उजव्या हातात सातवी. आणि ताप ऐकता ऐकता उजवा हात आपलं आपण काम करत होता, सापडेल ते चिमटीत धरून आवळत होता, रक्त थांबवल्यासारखा.

ती खाली कशी आली ते तिला आठवत नाही. बोळाच्या टोकाला खिडकी, खिडकीला जाड हिरवा पडदा. सकाळी झाडणारी बाई तो एका बाजूला सारून त्याच्याच पट्ट्यानं बांधून ठेवते. तिनं पट्टा सोडला नाही. दोन्ही हातांनी त्या घड्या वरपासून दाबत आली, अंधारात मुलीच्या अंगावरून हात फिरवत यावा तशी, आणि कमरेच्या उंचीवर कापडाच्या आत काहीतरी कडक लागलं.

घड्या उलगडल्या. पडद्याच्या काठाला चावून बसली होती, तिन्ही खाचा आवळून. चोच जरा वाकडी.

आनंद वगैरे काही झाला नाही. तिनं खाचा सोडवून ती मुठीत घेतली. मग आत जाऊन फोन केला, या वेळी लगेच उचलला गेला. "सापडली. माझ्या हातात आहे. सातवी आहे, चोच वाकडी आहे तिची." पलीकडे सिस्टरनं श्वास सोडला तो मोजण्याइतका लांब होता. "डॉक्टर, खाली सापडली," आणि मग, "बघितलीत ना नीट तुम्ही? हातात आहे ना?" "हातात आहे," ती म्हणाली. "अक्कांना दाखवते. मग अक्का सांगतील तुम्हाला." अक्कांनी आर्टरी घेतली, डोळ्यांनी नाही, बोटांनी पाहिली, चोचीवरून अंगठा फिरवला आणि फोनमध्ये एवढंच म्हणाल्या, "हो गं. आपलीच आहे. मघाशी मी चुकीचं सांगितलं."

साडेबाराला साहेबांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. पेशंट बरी आहे, शुद्धीवर येतेय, मग आता लेखी वगैरे कशाला, असा त्यांचा सूर होता. तोंडी सांगितलंत तेवढं पुष्कळ झालं. चार महिन्यांपूर्वी आपण त्या यंत्राचं एवढं कौतुक केलंय, आता लेखी आलं तर उगाच सगळ्या योजनेवर ठपका येईल. "येऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "उघडताना न मोजण्याचं पत्रक मी आजच मागं घेतेय. तुमच्या सहीसाठी पाठवते." "शुक्रवारची यादी?" साहेबांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात एक नवी थंडी होती, की दोन नावांत आता तिसरंही बसू शकतं. "यादीबद्दल मी येऊन बोलते," ती म्हणाली. मग तिनं अहवाल लिहिला. ट्रे कुणी भरला या ओळीसमोर स्वतःचं नाव घातलं, कार्ड कुणाचं तेही लिहिलं, आणि त्याखाली, पडद्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत इतकी बारीक आहेत, हे चार महिने प्रमुखाच्या लक्षात आलं नाही, असं लिहून क्षणभर थांबली. खोडलं नाही. नोकरी जाईल का, हप्ते, पाळणाघर, नवऱ्याचं तोंड, सगळं एका रांगेत येऊन तिच्यासमोर उभं राहिलं. ते तिथंच उभं ठेवून तिनं सही केली.

दीड वाजता चौदा नंबर धुऊन झरोक्यातून अलीकडे आला. त्या फोननंतर अक्का तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी ट्रे टेबलावर घेतला, झाकण बाजूला ठेवलं आणि उभ्या राहिल्या. सवयीनं यंत्राकडे वळलेली ती परत फिरली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. बाकीच्या टेबलांवरचे हात थांबले होते.

"मोठी कात्री," अक्का म्हणाल्या.

तिनं बोट लावलं. "आहे."

"छोटी कात्री."

"आहे."

आवाज घोगरा येत होता, लाजल्यासारखा. मग लय लागत गेली. चिमटे झाले. आर्टरी एक, आहे. दोन, आहे. लोखंड नुकतंच धुतल्यामुळं कोमट होतं. पाच, आहे. सहा, आहे. सातवी अक्कांनी नुसती दाखवली, तिची चोच दुरुस्त करायला पाठवायची होती, तिच्या जागी दुसरी ठेवली. सात, आहे. आठ, आहे. नऊ, आहे. दहा म्हणायला अक्कांनी तोंड उघडलं आणि तिच्या खिशातला मोबाइल थरथरला.

ती जागची हलली नाही. नवरा असणार, आज तोच घरी आहे. सकाळी निघताना मुलीचा ताप एकशे एक होता. न उचलणं म्हणजे काय आणि उचलणं म्हणजे काय, दोन्ही तिला एकदमच दिसत होतं, आणि बोट नवव्या आर्टरीवर तसंच टेकलेलं होतं. फोन थांबत नव्हता.

"घ्या," अक्का म्हणाल्या.

"तीनच राहिल्यात."

"तीन राहिल्या की काय होतं ते काल बघितलंत ना." अक्कांनी झाकणाकडे मान केली.

तिनं झाकण उचललं आणि टेबलावर उताणं ठेवलं. निघता निघता थांबली. दोन्ही तळहात उघडून अक्कांपुढं धरले. अक्कांनी चष्मा खाली ओढला, नीट पाहिले, उजवा, मग डावा. "जा," त्या म्हणाल्या.

बोळात, खिडकीपाशी, नवऱ्याचा आवाज झोपाळू होता. ताप शंभर. अर्धी वाटी पेज पोटात गेलीय, आता डबे काढून बसलीय जमिनीवर. मागून ताटल्या आपटल्याचा आवाज आला आणि त्यात एक बारीक किंचाळी, रागाची, जिवंत. "तू कशी आहेस?" त्यानं विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि आज हे दुसऱ्यांदा म्हणताना ते तितकं जड गेलं नाही. "घरी आल्यावर सांगते. मोठं आहे." बोलताना तिनं उजवा हात पडद्यापासून लांब, उघडा ठेवला होता.

ती परत आली तेव्हा झाकण उताणंच होतं. ट्रेला कुणी हात लावलेला नव्हता. शेजारच्या टेबलावरही दोघी समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या, अजून बोलत नव्हत्या, वाट बघत होत्या. अक्कांनी सगळ्या आर्टरी ट्रेमधून बाहेर काढून टेबलावर ठेवल्या, कात्र्याही काढल्या. ट्रे रिकामा केला.

"मोठी कात्री," त्या म्हणाल्या.

"आहे."